तारांचं गणित मांडणारी एडिथ

बायकांच्या कर्तृत्वाच्या गोष्टी निघाल्या की ठरलेली नावं पुढे येतात. मेरी क्युरी, आनंदीबाई जोशी, कल्पना चावला. त्यांच्याविषयी वाचून आपल्याला बळ मिळतं, हे खरंच आहे. पण आज मला अशा एका बाईविषयी लिहायचंय, जिचं नाव इलेक्ट्रिकल इंजिनीअरिंग शिकलेल्या बहुतेकांच्या कानावरून गेलेलं असतं, मात्र ती बाई होती हे त्यातल्या कित्येकांच्या गावीही नसतं! पुस्तकात ‘क्लार्क’ हे आडनाव येतं. मुलं सूत्र पाठ करतात, परीक्षेत लिहितात, पास होतात. हा क्लार्क कुणी गोरा साहेब असणार, असं धरूनच सगळे चालतात. तो साहेब नव्हता. ती होती एडिथ क्लार्क. विजेच्या लांबच लांब तारांमधून नेमकी किती वीज नेता येईल, या प्रश्नाभोवती तिचं सारं आयुष्य गेलं.

तुम्ही म्हणाल, तारा आणि टॉवर हा काय बायकांच्या पानाचा विषय झाला? मला विचाराल तर हा आपलाच विषय आहे. मी नांदूरघाटची. बीड जिल्ह्यात केज तालुक्यातलं, बालाघाटाच्या डोंगररांगेतलं हे गाव. आमच्याकडे विजेला वीज कुणी म्हणत नाही, लाईट म्हणतात. ‘लाईट आली का?’ हा प्रश्न आमच्या बोलण्यात ‘जेवण झालं का?’ इतकाच रोजचा. गेली कित्येक वर्षं मोटारीची थ्री फेज लाईट कधी दिवसा तर कधी रात्री, अशीच राहिली. रात्रीची पाळी असली की घरधनी बॅटरी घेऊन रानात जाणार आणि बाई घरात जागी. साप-किरडू, ओल्या हातानं दाबलेलं स्टार्टरचं बटन, विहिरीचा काठ... डोळ्याला डोळा लागत नाही. दिवसा लाईट गेली तर गिरणी बंद म्हणून दळण अडतं, टाकी भरली नाही म्हणून पाणी अडतं. अडलेल्या प्रत्येक कामाचं ओझं फिरून फिरून बाईच्याच अंगावर येतं. मग त्या तारांमधून किती वीज येऊ शकते, हे आपण विचारायचं नाही तर कुणी?

एडिथचा जन्म १० फेब्रुवारी १८८३ चा. अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यात, हॉवर्ड काउंटी नावाच्या भागात. म्हणजे तीही खेड्यातलीच. वडील वकील आणि शेतकरी. घरात नऊ भावंडं. ती सात वर्षांची असताना वडील गेले, बारा वर्षांची झाली तेव्हा आईही गेली. पोरक्या मुलीचं पुढे काय व्हायचं, हे त्या काळात तिकडेही आपल्यासारखंच ठरलेलं होतं. थोडंफार शिक्षण, मग चांगलं स्थळ, मग संसार. एडिथला मात्र गणिताची ओढ होती. वयात आल्यावर आईवडिलांच्या मागे राहिलेल्या पैशातला तिचा वाटा तिच्या हाती आला. त्या पैशाचं तिनं काय करावं? दागिने नाहीत, जमीन नाही. तो सगळा पैसा तिनं कॉलेजच्या फीसाठी लावला! व्हासार हे तेव्हाचं मुलींचं नावाजलेलं कॉलेज. तिथून १९०८ साली ती गणित आणि खगोलशास्त्र घेऊन पदवीधर झाली.

शिकलेल्या मुलीला तेव्हा एकच दार सताड उघडं होतं, ते म्हणजे शाळामास्तरणीचं. एडिथनंही ती नोकरी केली. आधी सॅन फ्रान्सिस्कोत मुलींच्या शाळेत, मग वेस्ट व्हर्जिनियात एका कॉलेजात. शिकवणं वाईट नव्हतं, पण तिचं मन इंजिनीअरिंगमध्ये होतं. वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, १९११ साली, तिनं विस्कॉन्सिन विद्यापीठात सिव्हिल इंजिनीअरिंगला नाव घातलं. अठ्ठावीस! आपल्याकडे या वयाच्या बाईला लोक ‘आता कशाला शिकतेस’ असंच विचारतात की नाही?

एक वर्ष झालं आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत तिनं टेलिफोन कंपनीत तात्पुरतं काम धरलं. ती अमेरिकेतली मोठी कंपनी, ए. टी. अँड टी. तिथे जॉर्ज कॅम्पबेल नावाचे गणिती इंजिनीअर लांब पल्ल्याच्या टेलिफोनच्या तारांवर काम करत. एडिथ त्यांची ‘कॉम्प्युटर’ झाली. मैत्रिणींनो, दचकू नका! तेव्हा कॉम्प्युटर हे यंत्राचं नाव नव्हतंच. आकडेमोड करणाऱ्या माणसाला कॉम्प्युटर म्हणत, आणि हे काम बरेचदा बायकांकडे असे. इंजिनीअर साहेब गणित मांडून देणार आणि या बायका पानंच्या पानं आकडे सोडवणार. एडिथला ते काम इतकं आवडलं की ती कॉलेजला परत गेलीच नाही. पहिल्या महायुद्धाच्या काळात ती तिथल्या आकडेमोड करणाऱ्या बायकांच्या गटाची प्रमुख होती. दिवसा नोकरी आणि रात्री कोलंबिया विद्यापीठात इलेक्ट्रिकल इंजिनीअरिंगचे तास, असा तिचा दिनक्रम होता.

मग १९१८ मध्ये तिनं नोकरी सोडून थेट एम. आय. टी. गाठलं. दुसऱ्याच वर्षी, १९१९ साली, इलेक्ट्रिकल इंजिनीअरिंगमध्ये एम. एस्सी. झाली. त्या संस्थेतून या विषयात ही पदवी घेणारी ती पहिली स्त्री.

आता तरी नोकरी मिळायला हवी होती, नाही का? एवढी पदवी, एवढा अनुभव. पण इंजिनीअर म्हणून बाईला घ्यायला कुणी तयार होईना. शेवटी जनरल इलेक्ट्रिक या बड्या कंपनीनं तिला घेतलं, पण कशासाठी? पुन्हा आकडेमोड करणाऱ्या बायकांवर देखरेख करायला! टर्बाइनच्या पात्यांवर किती ताण येतो त्याची गणितं तिथे सोडवली जात. हुद्दा इंजिनीअरचा नाही, पगार इंजिनीअरचा नाही आणि कामही विजेचं नाही. आपल्याकडे बी. एड. होऊन तुटपुंज्या मानधनावर राबणाऱ्या मुली मी पाहते, डिप्लोमा करून घरी बसलेल्या पाहते, तेव्हा मला एडिथची ही दोन वर्षं आठवतात. शिक्षण पूर्ण असतं, अंगात हुन्नर असतो. फक्त समोरच्यानं आधीच ठरवलेलं असतं की हिला एवढंच झेपेल.

पण गंमत अशी की या कंटाळवाण्या काळातच तिचं पहिलं मोठं काम झालं. शेकडो मैल लांब तारांची गणितं तेव्हा फार किचकट असत. एका टोकाला किती व्होल्टेज, दुसऱ्या टोकाला किती, मध्ये किती वीज वाया गेली, हे काढायला इंजिनीअरला तासन्‌तास लागत. एडिथनं त्यासाठी एक साधन बनवलं. एका आलेखावर फिरणाऱ्या पट्ट्या. पट्टी जुळवायची आणि उत्तर वाचायचं. ज्यांनी वर्षानुवर्षं दुसऱ्यांची आकडेमोड केली, त्यांनाच अशी युक्ती सुचू शकते! तिनं १९२१ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला आणि १९२५ मध्ये ते तिच्या नावावर मिळालं.

आणि त्याच १९२१ साली तिनं आणखी एक गोष्ट केली. इंजिनीअरचं काम देत नाही ना, मग राहा तुम्ही! ती नोकरी सोडून गेली ती थेट तुर्कस्तानात. कॉन्स्टँटिनोपल, म्हणजे आजचं इस्तंबूल, तिथल्या मुलींच्या कॉलेजात तिनं वर्षभर फिजिक्स शिकवलं. एकटी बाई, एवढा लांबचा प्रवास, तोही महायुद्धानंतरच्या धामधुमीत. परत आली तेव्हा जनरल इलेक्ट्रिकनं तिला बोलावून घेतलं, आणि या वेळी इंजिनीअर म्हणून. साल १९२२, एडिथचं वय ३९. अमेरिकेत इलेक्ट्रिकल इंजिनीअर या हुद्द्यावर नोकरी मिळवणारी पहिली स्त्री म्हणून तिचं नाव घेतात. तिच्याही आधी बर्था लॅम नावाच्या बाईनं १८९३ पासून वेस्टिंगहाऊस कंपनीत असंच काम केलं होतं. पण १९०५ साली तिचं लग्न झालं आणि काम सुटलं. एडिथनं लग्न केलं नाही. त्या काळात बाईपुढे बहुतेक वेळा दोन्हीपैकी एकच पर्याय असायचा, हे विसरून चालणार नाही.

आता तिनं नेमकं केलं काय, ते सांगते. घाबरू नका, सोपं आहे. आपल्याकडे पंचमीला फुगडी खेळतात ना, तीच डोळ्यांसमोर आणा. दोघी हातात हात घालून गरगर फिरतात. एक ओढते, दुसरी तोल सांभाळते. जोवर दोघी एका लयीत आहेत तोवर फुगडी रंगते. पण एकीनं शक्तीबाहेर ओढलं तर? हात सुटतो आणि दोघी दोन दिशांना जाऊन पडतात. विजेच्या लांब लाईनीचंही असंच आहे. एका टोकाला वीजकेंद्रातलं जनित्र फिरत असतं, दुसऱ्या टोकाला शहर किंवा दुसरं केंद्र. दोघांना एका लयीत फिरावं लागतं. लाईन जितकी लांब, तितकी हाताची पकड सैल. प्रमाणाबाहेर वीज ओढली की लय तुटते आणि अंधार होतो. हात सुटायच्या आधी जास्तीत जास्त किती ओढता येईल, हे गणितानं आधीच सांगायचं होतं. एडिथनं १९२६ साली अमेरिकेतल्या इलेक्ट्रिकल इंजिनीअरांच्या संस्थेपुढे याच विषयावर निबंध वाचला. त्या व्यासपीठावर निबंध वाचणारी ती पहिली स्त्री. समोर बसलेल्या त्या सगळ्या पुरुषांना एक बाई सांगत होती की तुमच्या तारा किती भार पेलतील!

तो काळ लक्षात घ्या. वीज घरोघर पोचायला लागली होती आणि धरणं बांधली जात होती दूर डोंगरात. मधलं अंतर शेकडो मैलांचं. आपल्याकडे १९१५ साली टाटांच्या खोपोलीच्या केंद्रातली वीज सुमारे ७० किलोमीटरच्या तारांवरून मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली होती. अमेरिकेत तर याहून कितीतरी लांब लाईनी टाकायचं चाललं होतं. एकेक टॉवर, एकेक मैल तार म्हणजे पैसाच पैसा. म्हणून आहे त्याच तारांमधून जास्त वीज सुखरूप कशी नेता येईल, या प्रश्नाला फार किंमत होती. आजही आहे.

पुढची वीसेक वर्षं एडिथ त्याच कंपनीत होती. लाईनवर झाड पडलं, तार तुटली, एका फेजवर भार जास्त आला, तर काय होतं, याची गणितं सोपी करायची तिची हातोटी होती. थ्री फेजमध्ये तीन तारांचे तीन वेगळे आकडे सतत बदलत असतात. ते तीन आकडे दुसऱ्या रूपात मांडून गणित आटोपशीर करायची जी रीत तिनं रूढ केली, तिलाच आज क्लार्क ट्रान्सफॉर्मेशन म्हणतात. तिच्या पुस्तकाचा पहिला खंड १९४३ मध्ये आला, दुसरा १९५० मध्ये. इंजिनीअरांच्या पिढ्या त्यावर शिकल्या. तिला माहीत असणं शक्यच नव्हतं, पण सोलरच्या, पवनचक्कीच्या आणि विजेवर चालणाऱ्या गाड्यांच्या आतली इलेक्ट्रॉनिक यंत्रं आज हेच गणित सेकंदाला हजारो वेळा करतात. आमच्या केज तालुक्यात अलीकडच्या वर्षांत पवनचक्क्या उभ्या राहिल्या. त्यांच्याकडे पाहताना आता मला हे आठवतं.

जनरल इलेक्ट्रिकमधून ती १९४५ साली निवृत्त झाली आणि मेरीलँडला शेतावर राहायला गेली. बास झालं आता, असं वाटलं असेल. पण घरी बसणं जमलं नाही. टेक्सास विद्यापीठानं बोलावलं आणि १९४७ साली वयाच्या चौसष्टाव्या वर्षी ती प्राध्यापक झाली. इलेक्ट्रिकल इंजिनीअरिंग शिकवणारी अमेरिकेतली पहिली महिला प्राध्यापक! पुढच्याच वर्षी इंजिनीअरांच्या त्याच संस्थेनं तिला फेलो केलं, हा मानही बाईला पहिल्यांदाच मिळत होता. १९५४ साली महिला इंजिनीअरांच्या संघटनेनं तिचा गौरव केला. १९५६ पर्यंत शिकवून ती पुन्हा मेरीलँडला परतली. २९ ऑक्टोबर १९५९ रोजी ती गेली. तिच्यामागून वर्षभरात महाराष्ट्र राज्य झालं, राज्य विद्युत मंडळ झालं. आमच्या जिल्ह्यातलं परळीचं औष्णिक वीज केंद्र सुरू झालं ते १९७१ मध्ये.

एडिथनं तारेची एक मर्यादा मोजली. तारेला दुसरीही एक मर्यादा असते, उष्णतेची. फार लांबच्या लाईनीत आधी फुगडी सुटायची भीती असते. कमी अंतराच्या लाईनीत मात्र आधी तारच तापते. आणि सध्या वीजक्षेत्रात जगभर जी चर्चा चाललीय ती या दुसऱ्या मर्यादेची.

तारेतून वीज वाहिली की तार गरम होते. वीज दुप्पट वाहिली तर उष्णता दुप्पट नव्हे, चौपट होते! गरम झालेली तार लांबते. उन्हाळ्यात दोन टॉवरमधल्या तारांना जास्त झोळ पडलेला असतो. वाळत घातलेल्या ओल्या कपड्यांनी दोरी मध्ये खाली येते, तसा. जमिनीपासून तार किती उंच हवी याचे नियम आहेत, २२० केव्हीच्या लाईनीला साधारण ७ मीटर, ४०० केव्हीच्या लाईनीला सुमारे ८.८ मीटर. झोळ त्याखाली आला तर खालून जाणाऱ्या माणसाला, कडब्यानं भरलेल्या गाडीला, झाडाला धोका. अमेरिकेत १४ ऑगस्ट २००३ रोजी ओहायो राज्यात खाली आलेल्या तारा झाडांना टेकल्या. एकेक लाईन बंद पडत गेली, तिचा भार पुढच्या लाईनीवर जात राहिला आणि अमेरिका-कॅनडा मिळून सुमारे ५ कोटी लोक अंधारात गेले. त्यामुळे तारेवर किती भार टाकायचा ते जपूनच ठरवावं लागतं.

पण जपून म्हणजे किती जपून? इथे खरी गोम आहे. वर्षानुवर्षं रीत अशी की सगळ्यात वाईट दिवस धरायचा. भर उन्हाळ्याची दुपार, डोक्यावर ऊन, हवेचं तापमान ४५ अंशांच्या घरात आणि वारा जेमतेम नावापुरता. अशा वेळी तार ७५ किंवा ८५ अंशांपेक्षा जास्त तापू नये, म्हणून जो आकडा येतो, तीच त्या लाईनीची क्षमता. मग पौषातली गार पहाट असो की श्रावणातली भुरभुर, आकडा तोच किंवा फार तर ऋतूप्रमाणे थोडा बदललेला. जरा विचार करा. मे महिन्याच्या भर दुपारी बाई रानात जेवढं काम करू शकते, तेवढंच काम तिनं बारा महिने, तिन्ही त्रिकाळ करायचं, असा नियम कुणी केला तर?

म्हणून आता नवी पद्धत येतेय. तारेची क्षमता कायमची एकच न ठरवता, तासातासाला मोजायची. तारेवरच छोटं यंत्र बसवतात. ते तारेचा झोळ, ताण किंवा तापमान मोजतं. सोबत हवेचं तापमान, ऊन आणि वारा यांची माहिती घेतात. यात सगळ्यात मोठा वाटा वाऱ्याचा. गरम भाकरीवर फुंकर मारतो तशी वाऱ्याची झुळूक तारेला गार करते, आणि वारा तारेला आडवा लागला तर जास्तच. त्यामुळे त्याच तारेतून, नवा टॉवर न उभारता, बरेचदा दहा ते तीस टक्के जास्त वीज नेता येते. बेल्जियममध्ये ही यंत्रं बऱ्याच वर्षांपासून वापरात आहेत. अमेरिकेत वीज नियामक आयोगानं २०२१ च्या डिसेंबरात आदेश काढला की लाईनींची क्षमता ठरवताना निदान हवेचं त्या वेळचं तापमान तरी धरा.

आमच्या भागासाठी यातली एक गोष्ट फार कामाची आहे. डोंगरावर वारा सुटला की पवनचक्क्या जास्त वीज करतात, आणि नेमकी तेव्हाच ती वीज वाहून नेणाऱ्या तारांवर गर्दी होते. पण जो वारा पातं फिरवतो तोच तारही गार करतो! म्हणजे ज्या वेळी जास्त वीज न्यायची असते, त्याच वेळी तारेची ताकदही बरेचदा वाढलेली असते. मोजलं तर कळेल. न मोजता पुस्तकातला आकडा धरून बसलं तर पवनचक्की थांबवावी लागेल. शिवाय नवी लाईन टाकायची म्हणजे कुणाच्या तरी रानात टॉवर आला, मोबदल्याचे वाद आले, कोर्टकचेरी आली. आहे त्या लाईनीतून काम भागलं तर तेही थोडं टळेल.

यात फसवं आश्वासन नको, म्हणून दोन गोष्टी सांगते. ही पद्धत मोठ्या टॉवरच्या लाईनींसाठी आहे. गावातल्या डीपीवर भार जास्त झाला की ती जळणार, त्यावर हा उपाय नाही. आणि दुसरं असं की मोजल्यावर दरवेळी ताकद जास्तच निघते असंही नाही. एखाद्या रणरणत्या, वारा पडलेल्या दुपारी ती पुस्तकातल्या आकड्यापेक्षा कमीही भरते. मोजमाप खरं सांगतं, मग ते सोयीचं असो वा नसो. सगळ्या लाईनीत जिथे वारा सगळ्यात कमी लागतो, त्या कोपऱ्यातल्या तारेवरून पूर्ण लाईनीचा आकडा ठरतो. आणि लाईन फार लांब असेल तर उष्णतेच्या आधी एडिथची मर्यादा आडवी येतेच. शंभर वर्षं होत आली, ते गणित अजून जुनं झालेलं नाही.

एडिथसारखी बाई आपल्या देशात नव्हती का? होती. ए. ललिता. मद्रासच्या. पंधराव्या वर्षी लग्न, अठराव्या वर्षी वैधव्य, पदरात काही महिन्यांची मुलगी. १९३७ च्या सुमारास अशा मुलीपुढे काय वाढून ठेवलेलं असायचं, ते आपल्या आज्यांना विचारा. पण ललिताच्या वडिलांनी तिला गिंडीच्या इंजिनीअरिंग कॉलेजात घातलं. ती भारतातली पहिली महिला इलेक्ट्रिकल इंजिनीअर झाली. पुढे कलकत्त्याच्या कंपनीत तिनं वीजवाहिन्यांचे आणि सबस्टेशनचे आराखडे केले, भाक्रा-नांगल धरणाच्या वीजकामात तिचा वाटा होता. लेकीला वाढवत वाढवत हे सगळं केलं. न्यूयॉर्कला १९६४ साली जगभरच्या महिला इंजिनीअर आणि शास्त्रज्ञांची पहिली परिषद भरली, तिला ललिता गेली होती. एडिथ तोवर गेलेली होती. १९७९ साली ललिताही गेली.

हे सगळं मी का लिहितेय? आमच्या बीड जिल्ह्यात मुलींची लग्नं लवकर होतात, हे आता सगळ्या राज्याला माहीत आहे. ऊसतोडीला जायचं, तर वयात आलेली पोर मागे कुणाच्या भरवशावर ठेवायची? आईबापाची काळजी खोटी नसते, हे मी जवळून पाहते. ते सगळ्यात वाईट दिवस डोळ्यांसमोर ठेवतात आणि त्या दिवसाच्या मापानं पोरीचं सगळं आयुष्य ठरवून टाकतात. तारेचंही असंच करत होते की! धोका खरा असतो. पण एकाच वाईट दुपारवरून पोरीचं सगळं आयुष्य मोजणं बरोबर नाही. काळजी घ्यायची, पण मोजून घ्यायची. पोरीला गणित येतं का ते बघायचं. वसतिगृह आहे का, बसची सोय आहे का, आयटीआयला इलेक्ट्रिशियनचा ट्रेड मिळतो का ते बघायचं. आणि मग ठरवायचं.

आज बीड जिल्ह्यात बाई खांबावर चढून लाईन दुरुस्त करते. सबस्टेशनमध्ये मुली ऑपरेटर म्हणून बसतात. एडिथला २०१५ साली, मृत्यूनंतर छपन्न वर्षांनी, अमेरिकेतल्या संशोधकांच्या राष्ट्रीय सन्मान दालनात जागा मिळाली. उशीर झाला खरा, पण तिचं गणित त्याआधीच तारांमधून कामाला लागलेलं होतं.

तुमच्या घरात दहावी-बारावीची मुलगी असेल आणि तिला आकड्यांची गोडी असेल, तर हे पान तिच्या हातात द्या. पुस्तकात पुढे कधीतरी ‘क्लार्क’ हे आडनाव येईल, तेव्हा ती बाई होती एवढं तरी तिला ठाऊक असू दे.